मोटरहोमची बॅटरी फुल दाखवते, तरी पहाटे फ्रिज बंद! नेमकं बघायचं कुठं?

वऱ्हाडी_चाक
राजेहो, मदत पाहिजे. आमची ट्रॅव्हलर आहे, मागं घर करून घेतलेलं, दोन बेड, छोटा ओटा, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज, छतावर ४०० वॉटचे पॅनल आणि घरच्या वापरासाठी वेगळी २०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट). आधी ट्युब्युलर (लेड अॅसिड) होती, ती नागपूरच्या उन्हाळ्यात बसली म्हणून लिथियम टाकली.
त्रास असा आहे की दिवसभर सगळं झकास चालते. संध्याकाळी ऊन असताना इंडक्शनवर खिचडी होते, काही कुरकुर नाही. झोपताना डिस्प्लेवर १३.१, १३.२ दिसते. आणि पहाटे कधीतरी फ्रिज बंद पडलेला असते, लाल लाइट ब्लिंक करून राहिलेला. सकाळी चहाला इंडक्शन लावलं की इन्व्हर्टर कोकलते आणि ट्रिप. बॅटरीवाल्यानं टेस्ट केली, बॅटरी ओके म्हणे. ज्यानं गाडी बनवून दिली तो म्हणते बॅटरी कमी पडते, अजून एक २०० ची पॅरलल टाका. एवढे पैसे घालायच्या आधी इथं विचारतो. पुढच्या महिन्यात पेंचला सिल्लारीला जायचं आहे, सोबत आई, आणि आईचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये असते. म्हणून जरा नीट सांगा.

सावजी_ऑन_व्हील्स
भाऊ दुसरी बॅटरी टाका अन् मोकळे व्हा. मे महिन्यात फ्रिज सारखा चालूच राहते, २०० काय पुरणार.

खापरखेडा_रिटायर्ड
थांबा जरा, हिशेब करून बघू. मी जन्मभर वीज केंद्रात मीटर बघितले आहेत, आकड्याशिवाय मला बोलता येत नाही. तुमच्या साइजचा फ्रिज चालू असताना ४-५ अँपिअर घेतो. कडक उन्हाळ्यात तो तासातली ४० मिनिटं चालला असं धरा. म्हणजे सरासरी सव्वातीन अँपिअर. रात्रीच्या ८ तासांचे २६-२७ एएच. पंखा, दोन दिवे, मोबाइल मिळून आणखी २५ धरा. झाले ५०. २०० च्या बॅटरीतून ५० गेले तर ती तीनचतुर्थांश भरलेली असायला पाहिजे. ती तशी नसेल तर दोनच गोष्टी, एक तर संध्याकाळी ती फुल होतीच नाही, नाहीतर बॅटरीत वीज आहे पण फ्रिजपर्यंत पोचत नाही. दुसरी बॅटरी टाकून यातलं काहीच सुटत नाही, सावजीभाऊ.

सावजी_ऑन_व्हील्स
पण काका डिस्प्लेवर १३.२ म्हणजे फुलच ना? माझ्या ट्युब्युलरवर १२.७ दिसलं की मी फुल समजतो.

सौदामिनी
ट्युब्युलरसाठी बरोबर आहे. लेड अॅसिड दोन-तीन तास शांत ठेवली आणि १२.७ आली तर फुल, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या आसपास म्हणजे संपली. तिथं व्होल्टेज बघून अंदाज येतो. लिथियम एलएफपीला तो नियम लावू नका. तिचा व्होल्टेज ८० टक्क्यांपासून पार २०-३० टक्क्यांपर्यंत १३.३ ते १३.० यातच रेंगाळतो, मग एकदम खाली कोसळतो. वर थोडाफार लोड चालू असेल तर आकडा आणखी फसवतो. म्हणजे १३.१ ला बॅटरी अर्ध्याच्या वर असेल किंवा खालीही असेल. खरा हिशेब पाहिजे तर शंटवाला बॅटरी मॉनिटर लावा, किती अँपिअर आत गेले आणि किती बाहेर आले ते तो मोजत राहतो.
(मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे, हिंगण्याला पॅनल बनवतो आम्ही. गाडी मात्र माझ्याकडे नाही, त्यामुळे तुम्हा लोकांचा हेवा वाटतो.)

पांथस्थ_पुणे
नागपूरच्या गरमीत लिथियम टाकलीच कशाला? ४५-४६ ला बीएमएस (बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट) हाय टेम्परेचरला कट करत असणार. मी तर ट्युब्युलरवरच आहे आणि समाधानी आहे.

अंबाझरी
पुण्यात बसून नागपूरच्या गरमीवर बोलायला हिंमत लागते बाप्पा :) आमच्याकडं मे महिन्यात सीटबेल्टचं बक्कलही चटका देते.

सौदामिनी
पांथस्थ, बीएमएसचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण इथं तो बसत नाही. बहुतेक बीएमएस ५५-६५ डिग्रीच्या आसपास कट करतात आणि तेवढं तापमान दुपारी बंद गाडीत होऊ शकतं. यांची तक्रार पहाटेची आहे, जेव्हा सगळ्यात गार असतं. शिवाय बीएमएसनं कट केलं असतं तर दिवेसुद्धा गेले असते. फक्त फ्रिज बंद आणि दिवे चालू असं आहे का, ते चाक भाऊंनी सांगावं. आणि गरमीनं लेड अॅसिड जास्त खराब होते. तापमान ८-१० डिग्री वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यांची ट्युब्युलर लवकर बसली ती यामुळेच असेल.

वऱ्हाडी_चाक
हो ताई, दिवे, पंखा सगळं चालू राहते. फक्त फ्रिज बंद. आणि सकाळी इन्व्हर्टर ट्रिप झाल्यावर पण दिवे चालूच असतात.

खापरखेडा_रिटायर्ड
मग बॅटरी सुटली. आरोपी वायर आहे. आता मला तीन गोष्टी सांगा. बॅटरीपासून फ्रिजपर्यंतची वायर किती लांब आणि किती जाड, फ्रिज कशात लावला आहे, आणि इन्व्हर्टरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून आली आहे की गाडीच्या बॉडीला कुठेतरी बोल्ट केली आहे.

गोंडखैरीवाला
विषयांतर करतो, माफ करा. माझी अडचण वेगळी आहे, गाडी १०-१२ दिवस उभी राहिली की इंजिनचीच बॅटरी डाऊन. घरची बॅटरी मस्त आहे. धक्का मारायला गल्लीतली पोरं आता मला बघूनच पळतात.

नागझिरा_नाइट्स
@गोंडखैरीवाला, तुमचं म्हणजे सरळ पॅरासिटिक ड्रेन. म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, यातलं काहीतरी चावी काढल्यावरही खात राहते. साधा हिशेब आहे, ३०० मिलीअँपिअर सतत गेले तर दिवसाला ७ एएचच्या वर. ७०-८० एएचची बॅटरी १० दिवसांत झोपते. चांगल्या गाडीत हे ५० मिलीअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.
कसं शोधायचं ते सांगतो. निगेटिव्ह टर्मिनल काढायचा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर टाकून टर्मिनल आणि वायरच्या मध्ये लावायचा. मीटर मध्ये असताना गाडी स्टार्ट करायची नाही, मीटरचा फ्यूज जाईल. दरवाजे लॉक करून २०-३० मिनिटं थांबायचं, कारण आजच्या गाड्यांचे मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. मग एकेक फ्यूज काढत जायचा, ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल तिथं चोर.

गोंडखैरीवाला
धन्यवाद भाऊ, उद्याच बघतो. डॅशकॅम परवाच बसवला आहे, शंका त्याच्यावरच आहे.

कोराडी_रोड
हे सगळं ठीक आहे पण छोटा पेट्रोल जनरेटर ठेवला की झंझट नाही. दोन तास चालवा, सगळं चार्ज.

अंबाझरी
सिल्लारीला जंगलाच्या तोंडाशी जनरेटर? भाऊ, लोक तिथं रातवा ऐकायला जातात. गेटजवळच्या मुक्कामात असला आवाज कोणी सहन करणार नाही आणि करूही नये.

कोराडी_रोड
मान्य. जंगलात नाही. हायवेच्या ढाब्यावर म्हणत होतो मी.

वऱ्हाडी_चाक
काका, बघितलं. फ्रिज मागच्या दाराजवळ आहे, बॅटरी ड्रायव्हर सीटच्या मागं. वायर फिरून फिरून गेली आहे, एका बाजूनं ६ मीटर तरी असेल. वायरवर १.५ स्क्वेअर एमएम लिहिलं आहे. आणि फ्रिज सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये आहे. इन्व्हर्टरची काळी वायर सीटखाली चासीला बोल्ट केली आहे, बॅटरीची काळी वायर पण चासीलाच, दुसऱ्या बोल्टवर.

खापरखेडा_रिटायर्ड
हे घ्या. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम वायरचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ०.०१७५ ओहम. जायचे ६ मीटर आणि यायचे ६, एकूण १२. भागिले १.५. आला ०.१४ ओहम. फ्रिज ५ अँपिअरला चालताना ०.७ व्होल्ट वाटेतच गेला. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर यापेक्षा जास्त ओढतो, १० धरा, म्हणजे १.४ व्होल्ट. बॅटरीवर १३.१ असताना फ्रिजला मिळाले ११.७, सॉकेटमधलं नुकसान वेगळंच. तुमच्या फ्रिजला बॅटरी प्रोटेक्शनचं हाय, मीडियम, लो असं सेटिंग असेल. ते हायवर असेल तर त्याला वाटतं की बॅटरी संपत आली आणि तो बंद होतो. गाडीच्या स्टार्टर बॅटरीवर फ्रिज चालवणाऱ्यांसाठी ते सेटिंग असतं, गाडी सुरू होण्याइतकी वीज शिल्लक राहावी म्हणून. तुमची बॅटरी वेगळी आहे, तुम्ही ते लोवर ठेवलं तरी चालेल.
आता दिवसा का चालतं? पॅनल चार्ज करत असतात तेव्हा बॅटरीवर १३.८-१४ असतात. तेवढ्या चढ्या व्होल्टेजमध्ये वाटेतलं नुकसान लपून जातं. पहाटे पॅनल नाही, बॅटरी १३ च्या घरात, मग तीच खोट उघडी पडते.

सौदामिनी
काकांनी सुंदर उलगडून सांगितलं. इन्व्हर्टरचंही हेच असणार, फक्त तिथं अँपिअर प्रचंड. १२०० वॉटचं इंडक्शन म्हणजे इन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीतून ११० अँपिअरच्या आसपास. एवढ्या करंटला रंगावर बसवलेला चासी बोल्ट म्हणजे दुखणंच.
चाक भाऊ, नुसत्या डोळ्यांनी बघू नका, लोड चालू असताना मोजा. इंडक्शन लावा, मीटर डीसी व्होल्टवर. पहिलं माप बॅटरीच्या दोन टर्मिनलवर, अगदी शिशाच्या किंवा बोल्टच्या पोस्टवर, वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही. दुसरं इन्व्हर्टरच्या दोन टर्मिनलवर. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर, जो आकडा येईल ते पॉझिटिव्ह बाजूचं नुकसान. तसंच निगेटिव्हचं. बॅटरी कुठल्याही दुकानात नेली तरी ही खोट सापडणार नाही, कारण ती गाडीत आहे.
घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही पण पान्हा दोन टर्मिनलवर पडला तर तो वितळतो. वायर काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॅनलची वायरही आधी बंद करा.

सावजी_ऑन_व्हील्स
क्लॅम्प मीटर माझ्याकडं आहे, पाठवू का चाक भाऊ? मनीष नगरला आहे मी.

नागझिरा_नाइट्स
तो डीसी क्लॅम्प आहे का ते बघा आधी. बर्डीच्या दुकानात स्वस्तात मिळतात ते बहुतेक फक्त एसी करंट मोजतात, बॅटरीच्या वायरवर लावले की शून्य दाखवतात आणि माणूस उगाच गोंधळते.

सावजी_ऑन_व्हील्स
तपासलं, एसीचाच निघाला. बरं झालं बोलले.

पांथस्थ_पुणे
अजून एक विचारतो, ट्युब्युलर काढून लिथियम टाकली तेव्हा सोलर चार्ज कंट्रोलरचं सेटिंग बदललं होतं का? माझ्या मित्राकडं यावरूनच गोंधळ झाला होता.

सौदामिनी
हा फार चांगला मुद्दा. लेड अॅसिडच्या सेटिंगमध्ये टेम्परेचर कॉम्पेन्सेशन असतं, २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण २४ मिलिव्होल्ट कमी. गाडीत ४५ असेल तर १४.४ चे १३.९ होतात. लेडसाठी ते बरोबर, लिथियम मात्र मग नीट भरत नाही. उलट इक्वलायझेशन (लेड बॅटरीला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) चालू राहिलं तर व्होल्टेज १५ च्या आसपास चढतो आणि बीएमएस चार्जिंगच तोडतो. कंट्रोलर एलएफपीवर टाका, १४.२ ते १४.४ पुरे, कॉम्पेन्सेशन आणि इक्वलायझेशन दोन्ही बंद.

वऱ्हाडी_चाक
कंट्रोलर जेलवर आहे, म्हणजे लेड अॅसिडच्याच सेटिंगवर! हे तर बनवणाऱ्यानं बघायला पाहिजे होतं. आणि अजून एक, समृद्धीनं शिर्डीला गेलो होतो, एवढं ५०० किलोमीटरचं ड्रायव्हिंग करूनही बॅटरी म्हणावी तशी भरली नव्हती. अल्टरनेटरवरून रिले लावून चार्जिंग दिलेलं आहे.

नागझिरा_नाइट्स
बीएस-६ गाड्यांत बऱ्याच वेळा स्मार्ट अल्टरनेटर असते, इंजिनची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणते, डिझेल वाचावं म्हणून. साध्या रिलेमधून मग घरच्या बॅटरीला काही मिळत नाही. आणि उलट बाजू पण आहे, लिथियम रिकामी असेल तर एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकते, खास करून ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालू असताना. दोन्हीला उपाय एकच, मध्ये डीसी टू डीसी चार्जर, जो अल्टरनेटरकडून ठरावीक करंटच घेते आणि बॅटरीला योग्य व्होल्टेज देते. ३० अँपिअरचा पुरतो. सहा तासांच्या प्रवासात १५० एएचच्या वर सहज.

मेळघाटी
आपण वायरिंगवर बोलतोच आहोत तर बाहेरच्या लाइनचंही सांगतो. चिखलदऱ्याला एका मुक्कामाच्या ठिकाणी गाडी बाहेरून लाइनला जोडली आणि दाराच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या. तिथल्या सॉकेटला अर्थिंगची पिन होती पण आत वायरच नव्हती.

सौदामिनी
याला हलकं घेऊ नका कोणी. गाडी रबरी टायरवर उभी आहे, बॉडीत करंट उतरला तर खाली उतरणारा माणूस हाच रस्ता. जोडायच्या आधी सॉकेटवर मोजा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ ४-५ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी आलं तर अर्थिंग नाही, जोडू नका. गाडीत शिरणाऱ्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पाहिजेच आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. इन्व्हर्टरचं आउटपुट आणि बाहेरची लाइन एकाच वेळी जोडली जाणार नाही असा चेंजओव्हर स्विच हवा. आणि १२ व्होल्टच्या बाजूला घरातले एसीवाले एमसीबी लावू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

मेळघाटी
आरसीसीबी बसवून घेतला आहे आता. पण अर्थिंगच नसेल तर तो आपणहून ट्रिप होत नाही, माणसातून पुरेसा करंट गेला तरच होतो, म्हणून सॉकेट आधी मोजूनच जोडतो.

वऱ्हाडी_चाक
मंडळी, रविवारी मोजलं. सौदामिनीताईंनी सांगितलं तसंच, इंडक्शन फुलवर ठेवून.
बॅटरीच्या पोस्टवर १२.९. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर ११.०. पॉझिटिव्ह बाजूला ०.५ गेले, निगेटिव्ह बाजूला १.४!
चासीचा बोल्ट खोलला तर खाली रंग तसाच आहे, रंगावरच लग बसवलेला, बाजूचा रंग काळा पडलेला आणि वायरचं प्लॅस्टिक कडक होऊन गेलेलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली मी याच सीटवर झोपते ना रे. काय बोलणार.

खापरखेडा_रिटायर्ड
१.४ गुणिले ११० म्हणजे दीडशे वॉट. एवढी उष्णता दोन बोल्टवर, गादीखाली. बरं झालं मोजलं. आता ती चासीची भानगड काढून टाका. इन्व्हर्टरची काळी वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायरच्या बरोबरीनं, दोन्ही ५० स्क्वेअर एमएमच्या, जमेल तेवढ्या आखूड. चासीला एकच जोड द्या, रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत धातू आल्यावर, वरून पेट्रोलियम जेली. लग हातोडीनं ठोकून बसवू देऊ नका, हायड्रॉलिक क्रिम्पिंगनं बसवा. फ्रिजला वेगळी १० स्क्वेअर एमएमची जोडी, लायटर सॉकेट काढून पक्का कनेक्टर, आणि त्या लाइनला स्वतःचा १५ अँपिअरचा फ्यूज.

सौदामिनी
आणि मेन फ्यूज? कुठं आहे तो?

वऱ्हाडी_चाक
इन्व्हर्टरजवळ आहे ताई.

सौदामिनी
बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात आणा. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर मध्येच कुठं घासून बॉडीला टेकली तर इन्व्हर्टरजवळच्या फ्यूजला ते कळतही नाही. आणि लिथियम शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देऊ शकते, म्हणून क्लास टी प्रकारचा घ्या, साधा पट्टीवाला नको.

पांथस्थ_पुणे
हे सगळं करून घेतल्यावर आरटीओकडं काही लागतं का? माझ्या गाडीच्या वेळी फार प्रश्न विचारले होते.

नागझिरा_नाइट्स
वायर बदलायला नाही. पण गाडीची मूळ रचना बदलली असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत मंजुरी पाहिजे, आणि मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. विम्याचा क्लेम आला की पहिलं हेच बघतात. त्यावर वेगळा धागा काढू, इथं वायरिंगच राहू द्या.

वऱ्हाडी_चाक
काम झालं. वायर इतवारीतून आणली, लग क्रिम्प करायला वाडीच्या एका पॅनलवाल्याकडं गेलो, त्यानं समोर बसवून दिले. कंट्रोलर एलएफपीवर, फ्रिजचं सेटिंग लोवर. आता तेच इंडक्शन लावून मोजलं, बॅटरीवर १२.९ आणि इन्व्हर्टरवर १२.७. घराच्या अंगणात रात्रभर फ्रिज लावून ठेवला, पॅनलवर ताडपत्री टाकून, म्हणजे सोलरची मदत नको. सकाळी फ्रिज चालू, आत ५ डिग्री, आणि चहा इंडक्शनवर झाला. दुसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले, त्यातून डीसी टू डीसी चार्जर घेतो आहे.

सावजी_ऑन_व्हील्स
वा! माझी ट्युब्युलरवाली गाडी पण आता बॅटरी टू इन्व्हर्टर मोजून घेतो. दुसरी बॅटरी टाका म्हटलेलं मागं घेतो.

गोंडखैरीवाला
माझाही निकाल लागला. डॅशकॅम निर्दोष. ट्रॅकर निघाला, मागच्या मालकानं लावलेला, सिम कधीची बंद आणि नेटवर्क शोधत बसलेला. २८० मिलीअँपिअर! काढला, आता ३५.

अंबाझरी
चाक भाऊ, इन्सुलिनसाठी फ्रिजवर एकट्यावर राहू नका तरी. न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत लागते, आणि मे महिन्यात फ्रिज बंद पडला तर गाडी तासाभरात भट्टी होते. पाण्यात भिजवून ठेवायचे कूलिंग पाउच मिळतात, ते बाष्पीभवनावर चालतात, वीज लागत नाही. फ्रिजएवढं गार नाही होत, पण पेंचसारख्या कोरड्या हवेत वापरात असलेल्या पेनसाठी चांगलं काम देते. पेन फ्रीझरच्या भिंतीला चिकटू देऊ नका, गोठलं की वाया.

वऱ्हाडी_चाक
हे बरं सांगितलं, पाउच मागवतो. फ्रिजमध्ये थर्मामीटरपण ठेवला आहे, अलार्मवाला.

खापरखेडा_रिटायर्ड
एक शेवटचं. रस्त्याच्या हादऱ्यांनी नवे बोल्ट पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये थोडे सैल होतात. सिल्लारीहून आलात की सगळे परत आवळा आणि इंडक्शन लावून तेच माप पुन्हा घ्या. ०.२ चे ०.४ झालेले दिसले तर इथं लिहा.

वऱ्हाडी_चाक
नक्की काका. आल्या आल्या आकडे टाकतो.